आठ जणांचा पेरू

"अहो, आपल्या शहरात पेरू आलाय," बाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या.

"आठवडा झाला की," नळसाहेब गालावरचा साबण पुसत म्हणाले. "पण इतक्यात घेऊ नकोस. कच्चा आहे अजून."

यावर बाई हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतक्या हसल्या. नळसाहेबांचा टॉवेल गालावर तसाच राहिला. आपण नेमका काय विनोद केला हे त्यांना कळलं नव्हतं. पण बाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून या घरात हा आवाज झाला नव्हता, एवढं मात्र कळलं.

ही दोघं तेव्हा त्या जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. ती इमारत आता नाही. तिच्या जागी काचेची एक उंच वस्तू उभी आहे आणि तिथं कुणाच्या घरात काय शिजतंय हे शेजाऱ्याला कळत नाही. जुन्या इमारतीत मात्र शिजायच्या आधी कळायचं. बाई म्हणजे भूगोलाच्या बाई. अख्खी इमारत त्यांना बाई म्हणायची, दूधवाला बाई म्हणायचा, आणि चारचौघांत खुद्द नळसाहेबही बाईच म्हणायचे. नळसाहेब हे नाव इमारतीनं ठेवलेलं. पाणीपुरवठा खात्यात कुठल्या भागाला किती वाजता आणि किती दाबानं पाणी सोडायचं, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. हातात पाना त्यांनी कधी धरला नव्हता, पण इमारतीत कुणाचा नळ गळला की लोक त्यांचंच दार वाजवायचे आणि तेही जाऊन नळाकडे गंभीरपणे बघून यायचे.

"अहो, पेरू म्हणजे देश!" बाई म्हणाल्या. "दक्षिण अमेरिकेतला. त्या देशाचं हॉटेल निघालंय इथं. लोक रांगा लावतायत म्हणे." मग पेपर मांडीवर ठेवून त्या सांगू लागल्या. दरवर्षी पेरूचा धडा आला की कुणी ना कुणी कार्टं वर्गात टेबलावर एक पेरू ठेवायचं. सगळा वर्ग श्वास रोखून बसायचा. बाई आत यायच्या, पेरू उचलायच्या, उलटसुलट करून बघायच्या आणि विचारायच्या, "राजधानी कुठंय यात?" वर्ग फुटायचा. दरवर्षी तोच पेरू, तोच प्रश्न. आणि दरवर्षी त्या कार्ट्याला वाटायचं की ही गंमत जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचली.

"यंदा नवीन बाईंच्या टेबलावर ठेवला असेल कुणीतरी," बाई म्हणाल्या, पेपराची घडी घातली आणि पुन्हा गप्प झाल्या.

निवृत्त झाल्यापासून हे असंच होतं. काय करतेस? काही नाही. बोलत का नाहीस? काही नाही. बाहेर जायचं? कशाला. शाळेनं निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते लावल्यापासून तर घरातली शांतता टिकटिक करायला लागली होती. नळसाहेबांनी आपल्या परीनं उपाय केले होते. त्यांना बागेत नेलं, नातेवाइकांकडे नेलं, एकदा तर हौसेनं जलशुद्धीकरण केंद्र दाखवायला नेलं. गुण आला नव्हता.

गालाचा उरलेला साबण पुसता पुसता नळसाहेबांनी ठरवलं, बाईंना पेरूला न्यायचं. दोघांनीच जायचं. आणि आधी सांगायचं नाही.

आता गुपित ठेवायचं तर ते कुणाला तरी सांगावं लागतंच. नळसाहेबांनी ते खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, कारण डॉक्टर एकदा परिषदेसाठी परदेशी जाऊन आले होते. डॉक्टरांनी ते फक्त बायकोला सांगितलं. संध्याकाळपर्यंत बाई सोडून सगळ्या इमारतीला कळलं होतं.

"नळसाहेब, ते लोक मासे शिजवत नाहीत बरं का," डॉक्टर जिन्यात हळू आवाजात म्हणाले. "नुसतं लिंबू पिळतात आणि वाट बघतात."

"कशाची?"

"ते मी विचारलं नाही."

समोरच्या काकूंना वेगळीच बातमी होती. "तिकडे गिनीपिग खातात म्हणे! तो नाही का, उंदराचा मोठा भाऊ? पानात काही शेपटीसारखं दिसलं तर हात लावू नका."

"काकू, त्याला शेपटी नसते," डॉक्टरीणबाईंनी माहिती दिली.

"मग तर ओळखूही येणार नाही!" काकूंनी गालावर हात ठेवला. काकूंचे यजमान शेजारीच उभे होते. त्यांनी मान हलवली. ते कुठल्याही विषयावर मानच हलवत; कोणत्या बाजूनं, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नसे.

तिसऱ्या मजल्यावरचे मेजर सैन्यात कधीच नव्हते. ते आगगाडीचे तिकीट तपासनीस होते, पण मिशा अशा होत्या की पदवी आपोआप मिळाली. त्यांनी नळसाहेबांना गॅलरीतून वर बोलावून घेतलं. "पेरू उंचावर आहे. दम लागतो माणसाला. जपून."

"मेजर, हॉटेल पहिल्या मजल्यावर आहे."

"सवय नसेल तर पहिला मजलाही पुरतो," मेजर म्हणाले.

त्या काळी हॉटेलात जागा राखायला फोन करावा लागे आणि फोनवर जिवंत माणूस बोलत असे, ही त्यातल्या त्यात सोय होती. नळसाहेबांनी बाई भाजीला गेल्याची वेळ साधली. सरकारी माणूस, उत्तरं मनात क्रमवार लावून ठेवली होती. आधी दिवस, मग वेळ, मग माणसं. पलीकडे एक मुलगी होती आणि तिच्यामागे ढोल वाजत होते.

"कुठल्या दिवशी, सर?"

"शनिवारी."

मग ढोल वाढले आणि त्यातून मुलगी काहीतरी म्हणाली. क्रमानं आता वेळ यायला हवी होती. नळसाहेब ठासून म्हणाले, "आठ!"

"परफेक्ट! साडेसहाचा स्लॉट आहे, सर. चालेल?"

आठची वेळ मिळत नसेल, असं नळसाहेबांना वाटलं. साडेसहाला रात्रीचं जेवण म्हणजे कावळेसुद्धा घरी गेलेले नसतात, पण अडला हरी. "चालेल. दोघंच आहोत," ते म्हणाले. ते वाक्य ढोलांत वाहून गेलं.

"कुणाला कसली ॲलर्जी?"

"धुळीची," नळसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

"नोट केलं, सर. परफेक्ट!"

फोन ठेवून ते स्वतःवरच खूष झाले. आपलं उच्चारण, आपला आवाज, दोनदा मिळालेलं परफेक्ट. नोकरीत वरिष्ठांनी इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. ही खुशी शुक्रवारपर्यंत टिकली. शुक्रवारी मोबाइलवर हॉटेलचा निरोप आला आणि चष्मा सापडेना म्हणून त्यांनी तो डॉक्टरांकडून वाचून घेतला. डॉक्टरांनी तो एकदा मनात वाचला, मग नळसाहेबांकडे बघितलं.

"तुम्ही आठ जण कोण कोण चाललायत?"

दुपारी नळसाहेब स्वतः हॉटेलवर गेले. खुर्च्या टेबलांवर पालथ्या होत्या, एक माणूस फरशी पुसत होता, आणि काउंटरमागे ढोलवाली मुलगी होती. तीच मॅनेजर निघाली. गोड होती, पण नियमाची पक्की.

"सर, आठाचं दोन करता येत नाही. सिस्टिम घेत नाही."

"मग आठाचं रद्द करून दोनाचं नवीन घ्या."

"नवीन बुकिंग दोन महिन्यांनंतरचं मिळेल, सर."

"मग असं करू, आम्ही दोघंच येऊन बसतो. सहा खुर्च्या राहतील मोकळ्या. आमची काही तक्रार नाही."

"सर, पूर्ण पार्टी आल्याशिवाय बसवता येत नाही."

"पण मी वेळ सांगत होतो, माणसं नाही!"

"मी समजू शकते, सर. पण सिस्टिममध्ये आठ आहेत."

नळसाहेब काउंटरपासून मागे सरकले. पाणीपुरवठ्याच्या खिडकीतून त्यांनी जन्मभर हेच सूर ऐकवले होते, पण खिडकीच्या या बाजूनं ते कसे लागतात, हे त्यांना आज कळलं. दोन महिने? दोन महिने घरात ते घड्याळ ऐकत बसायचं? ते तडक इमारतीत परतले आणि खालच्या मजल्यापासून एकेक दार वाजवत वर गेले.

कुणीही नाही म्हणालं नाही. गिनीपिगला घाबरणाऱ्या काकू सर्वांत आधी तयार झाल्या. "तुम्ही एवढं म्हणताय तर येतो आम्ही. तुमची बिचाऱ्यांची अडचण कोण बघणार?" काकांनी मान हलवली. डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, मेजर, आणि मेजरांनी आपल्या मेहुण्याचा शब्द दिला. मोजून आठ. फक्त बाईंना हे सांगायचं राहिलं. सांगू सांगू म्हणता नळसाहेबांचा धीर होईना आणि शनिवार उजाडून मावळतीला आला.

"जरा बाहेर जाऊन येऊ. दोघंच," एवढंच ते म्हणाले होते, ते गुरुवारी, संकट कळायच्या आधी. बाईंनी तेव्हा 'कशाला' म्हटलं होतं. पण शनिवारी त्या निरोप समारंभाचे कपडे घालून, केस नीट बांधून खोलीतून बाहेर आल्या, तेव्हा नळसाहेबांना कळलं की त्यांनी ते 'दोघंच' ऐकलं होतं.

जिन्यात सगळी इमारत नटूनथटून उभी होती. मेजरांनी कोट घातला होता. काकूंनी अत्तराची अख्खी बाटली संपवली असावी.

बाई एक पायरी उतरून थांबल्या. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, मग नळसाहेबांकडे.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "सहल आहे तर."

नळसाहेबांनी बसमध्ये उभ्या उभ्या सगळं समजावून सांगितलं. आठ वाजता, ढोल, सिस्टिम. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "दोघांसाठी आठ म्हणालात?" त्यांनी एकदाच विचारलं. उत्तराची वाट बघितली नाही.

हॉटेलच्या जिन्याखालच्या दाराशी पोचल्यावर मेजरांचा मेहुणा आला नसल्याचं उघड झालं. मेजर फोनवर फोन लावत होते. मेहुण्याला कुणीतरी गिनीपिगचं सांगितलं होतं.

"सात आहेत, सर," मॅनेजर गोड आवाजात म्हणाली. "पूर्ण पार्टी आल्याशिवाय..."

नळसाहेबांनी रस्त्यावर नजर फिरवली. रस्त्यावर माणसं पुष्कळ होती, पण अनोळखी माणसाला 'येता का पेरूला' असं कसं विचारणार? तेवढ्यात पलीकडच्या फुटपाथवरून एक गृहस्थ गालाला रुमाल लावून धावत आले. डॉक्टरांचा दवाखाना तिथून दोन दुकानं सोडून होता.

"डॉक्टर! तुम्ही इथं? आणि तिकडं दवाखान्याला कुलूप!" बोलताना त्यांचा प्रत्येक शब्द गालातून वळसा घेऊन येत होता. "दाढ ठणकतेय. दुपारपासून पाणी गेलं नाही पोटात."

डॉक्टरांनी नळसाहेबांकडे बघितलं. नळसाहेबांनी डॉक्टरांकडे.

"तुम्ही आत चला आमच्याबरोबर," डॉक्टर त्यांचा दंड धरत म्हणाले. "तिथंच बघतो."

अशी पार्टी पूर्ण झाली.

आत इतका अंधार होता की मेजरांनी खिशातली विजेरी काढली. मेनू काळ्या कागदावर गडद राखाडी अक्षरांत छापला होता. एक मुलगी येऊन टेबलाशेजारी चक्क गुडघ्यावर बसली. काकू घाबरून मागे सरकल्या. त्यांना वाटलं हिला चक्कर आली.

"आमच्याकडे पहिल्यांदा आलात का? मी तुम्हाला आमची संकल्पना समजावून सांगते."

नळसाहेब आजवर जेवले होते ते संकल्पनेशिवायच. आता कळलं की इथं आपापलं ताट नसतं. मध्ये एक थाळी येते आणि सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. "आणि सर, तुमच्या धुळीच्या ॲलर्जीचं शेफना सांगितलंय," ती आदरानं म्हणाली. "ते काळजी घेतायत."

पहिली थाळी आली. मोठ्या दगडी पाटीवर मधोमध मुठीएवढं काहीतरी, त्यावर जांभळ्या कांद्याचे केस आणि बाजूला फेस. आठ जणांनी त्याकडे बघितलं.

"हेच का ते वाट बघितलेलं?" काकूंनी विचारलं.

"सेविचे. तेच ते लिंबू पिळलेले मासे," डॉक्टर म्हणाले. "पण वाट पुरेशी बघितलीय की नाही, कसं कळणार?"

कुणाचा हात पुढे होईना. एकमेकांना आग्रह सुरू झाला. आधी तुम्ही, छे छे, वयानं तुम्ही मोठे. या गडबडीत गालवाल्या गृहस्थांनी चमचा घातला. गार, मऊ, चावायची गरज नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दुपारपासून पहिल्यांदा शांती पसरली. त्यांनी दुसरा चमचा घातला. मग डावा हात पाटीभोवती ठेवला, आणि बाकीच्यांचं लक्ष जाईपर्यंत पाटीवर फक्त फेस उरला.

दुसरी थाळी बटाट्याची होती. काकूंचा जीव भांड्यात पडला. "अगंबाई, हा तर आपला बटाटा!"

"आपला नाही. त्यांचाच," बाई म्हणाल्या. बसपासून त्यांनी काढलेला हा पहिला शब्द होता. "सगळ्या जगाला बटाटा तिथल्या डोंगरांनी दिला."

नळसाहेबांना आशा वाटली. बाईंना बोलतं ठेवावं म्हणून त्यांनी घाईनं विचारलं, "आणखी काय काय दिलं हो त्यांनी जगाला?"

"ग्वानो," बाई म्हणाल्या. "पेरूची मुख्य निर्यात."

"म्हणजे फळ का?" काकूंनी बटाट्याचा घास उचलत विचारलं.

"समुद्रपक्ष्यांची विष्ठा."

आठही चमचे खाली आले. नाही, सात. गालवाल्या गृहस्थांना एका कानानं नीट ऐकू येत नव्हतं.

काकूंनी पाणी मागवलं. मेजर विजेरी चालू-बंद करत बसले. नळसाहेबांनी शेजारी बघितलं. बाई ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, घरी घड्याळासमोर बसायच्या तशाच. आपण बाईंना पेरूला आणलं आणि पेरूतही त्या 'काही नाही'त जाऊन बसल्या, असं त्यांच्या मनात आलं.

मग त्यांच्या लक्षात आलं, बाई समोरच्या भिंतीकडे बघतायत.

ती भिंत काळी होती, फळ्यासारखी, आणि कुणा कलाकारानं खडूनं तिच्यावर तो देश काढला होता. किनारा, उंच डोंगररांग, पलीकडे जंगल. जंगलातून एक झोकदार निळी नदी निघाली होती. ती सरळ डोंगर चढून पलीकडे उतरत होती, समुद्रात पडत होती आणि तिथून वळून खाली सरबताच्या काउंटरवर काढलेल्या एका ग्लासात जात होती.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "ती नदी बघा."

नळसाहेबांनी चष्मा वर केला. नदी बघितली. डोंगर बघितला. पुन्हा नदी बघितली.

"ही डोंगर चढतेय?"

"चढतेय."

"पंपाशिवाय?"

"आणि चुकीच्या बाजूला. ती पूर्वेला जाते. यांनी बिचारीला उलटी वळवलीय."

नळसाहेब उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली. सगळ्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ काही मुकाट्यानं सोसलं होतं, पण पाणी आपणहून चढावर गेलेलं त्यांना बघवेना. मॅनेजर धावत आली.

"काही प्रॉब्लेम, सर?"

"ही नदी. असं पाणी जात नाही."

"सर, ते आर्टिस्टनं मुद्दाम केलंय. त्यात एक फ्लो आहे."

"फ्लो?" नळसाहेबांचा आवाज चढला. आजूबाजूची टेबलं वळली. "अगं पोरी, फ्लोचं मला सांगू नकोस. माझी अख्खी नोकरी फ्लोमध्ये गेली. तिसऱ्या मजल्याला पाणी चढवायचं तर इमारतीची सभा घ्यावी लागते, आणि ही नदी अख्खा डोंगर चढून सरबताच्या ग्लासात जाते? आणि ही जी बसलीय ना, माझी बायको, हिनं हा देश पिढ्यान् पिढ्या शिकवलाय. तिच्यासमोर हे असलं लावून ठेवायचं?"

मॅनेजर काही म्हणणार, इतक्यात तिच्यामागून एक आवाज आला. मोठा नव्हता. पण अख्ख्या हॉटेलात ऐकू गेला.

"खडू आहे?"

बाई उभ्या होत्या. मॅनेजरच्या अंगावरून एकदम पंधरा-वीस वर्षं गळून पडल्यासारखी झाली. सिस्टिम, नियम, सगळं विसरून ती काउंटरमागे गेली आणि खडूचा खोका घेऊन आली. "हो, बाई," ती म्हणाली. मॅम नाही, बाई.

बाईंनी टेबलावरचा कापडी रुमाल घेतला आणि ती नदी पुसून टाकली. मग सगळाच नकाशा पुसला. आणि मग भिंतीवर खडू टेकवून, तो एकदाही न उचलता, सबंध खंड एका रेषेत काढला. वर फुगीर, खाली निमुळता होत गेलेला. मागे वळून न बघता त्या बोलू लागल्या.

"हा किनारा. इथं पाऊस पडत नाही म्हटलं तरी चालेल. का पडत नाही? कोण सांगेल?"

मेजरांनी हात वर केला. उत्तर येत नव्हतं, पण हात आपोआप गेला.

"खाली करा. माहीत नसेल तर ऐका."

त्यांनी गार समुद्रप्रवाह काढला, डोंगर काढले, डोंगराच्या पाठीवर बर्फ काढलं आणि त्या बर्फातून नदीचा पहिला धागा पूर्वेकडे सोडला. शेजारच्या टेबलावरचे तरुण जेवायचे थांबले होते. ढोलाचं संगीत कुणीतरी बंद केलं. साडेआठचं टेबल राखलेली मंडळी दारातून आत आली आणि मॅनेजर काही बोलायच्या आत बाई त्यांना म्हणाल्या, "उशीर झालाय. मागं भिंतीला लागून उभे राहा." ती मंडळी निमूटपणे भिंतीला लागून उभी राहिली.

नळसाहेब पडलेली खुर्ची तशीच ठेवून उभे होते. संसारात त्यांनी बाईंना सगळ्या रूपांत बघितलं होतं: आजारी, रागावलेल्या, प्रवासात डोकं खिडकीला टेकून झोपलेल्या. पण वर्गात? वर्गात कधीच नाही. रोज सकाळी डबा घेऊन ही बाई दारातून बाहेर पडायची आणि संध्याकाळी दमून परत यायची, आणि मधल्या वेळात ती हे करायची. हे असं. सगळं जग एका हातानं काढायची. आणि आपण फक्त 'आज उशीर झाला का?' एवढं विचारत राहिलो. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी शेजारी बघितलं, तर काका त्यांच्याकडेच बघत होते. काकांनी मान हलवली. या खेपेला ती कुठल्या बाजूनं हलली, हे स्पष्ट होतं.

धडा संपला तेव्हा टाळ्या झाल्या नाहीत. वर्गात टाळ्या होत नसतात. फक्त स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला उंच टोपीचा शेफ पुढे आला.

"बाई, एक विचारू? तिथं वर, डोंगरात, खूप थंडी असते का?"

"तुम्ही गेला नाहीत?" बाईंनी आश्चर्यानं विचारलं.

"मी कुठला जातोय! दुसऱ्या शहरात एका हॉटेलात शिकलो. तिथला शेफ पेरूचा होता. त्यानं जे सांगितलं ते."

"मीही नाही गेले," बाई म्हणाल्या. "पुस्तकात होतं ते."

दोघंही क्षणभर एकमेकांकडे, एकाच गावच्या माणसांनी परमुलुखात भेटावं तसे बघत राहिले. मग शेफ जरा अडखळत म्हणाला, "फक्त ते ग्वानोचं, बाई... वाढणाऱ्या मुलीनं आत येऊन सांगितलं. ते फार जुनं झालं. शंभरावर वर्षं होऊन गेली. आता तांबं वगैरे जातं तिथून."

टेबलावर सगळ्यांनी श्वास रोखला. बाईंना कुणी चूक दाखवलेली इमारतीनं पाहिली नव्हती.

"तांबं?" बाई म्हणाल्या. "म्हणजे आमचं पुस्तकच..." आणि त्यांच्या ओठाचा कोपरा हलू लागला. "अहो, म्हणजे माझी शेकडो पोरं अजून जगभर ती पक्ष्यांची विष्ठा घेऊन हिंडत असतील!"

आणि त्या हसल्या. चष्मा काढून डोळे पुसावे लागले. काकू हसल्या, मेजर हसले, भिंतीला लागून उभी असलेली मंडळी हसली. गालवाले गृहस्थ हसायला गेले आणि कळवळून गाल धरून बसले.

त्या रात्री इमारत उपाशीच परतली, असं म्हटलं तरी चालेल. तृप्त असे एकच: गालवाले गृहस्थ. त्यांची दाढ डॉक्टरांनी सोमवारी काढली. ते हॉटेल वर्ष-दीड वर्ष चाललं आणि बंद पडलं. आता तिथं चष्म्याचं दुकान आहे. पण बंद होईपर्यंत भिंतीवरचा तो खंड कुणी पुसला नाही, असं म्हणतात. इमारत पाडल्यावर माणसं शहराच्या चार टोकांना पांगली. मेजर मुलाकडे गेले. डॉक्टरांचा दवाखाना आता त्यांची सून बघते. कधी लग्नकार्यात दोघं-तिघं भेटले की अजून विषय निघतो. काकू सांगतात की गिनीपिग त्यांनी प्रत्यक्ष पाहिला, आणि कुणी त्यांना खोडून काढत नाही.

परतीच्या बसमध्ये मात्र बाई आणि नळसाहेबांना शेजारी जागा मिळाली होती.

"ती नदी," नळसाहेब बऱ्याच वेळानं म्हणाले, "एवढी लांब जाते, तर वाटेत दाब कसा टिकतो?"

"उतार असतो, अहो. थोडाच, पण शेवटपर्यंत."

"हं," नळसाहेब म्हणाले आणि त्यावर उतरेपर्यंत विचार करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन कप चहा केला. पेपर आला होता, पण त्यांनी तो उघडला नाही. बाईंसमोर कप ठेवला, आपली खुर्ची त्यांच्या समोर ओढली आणि बाकावर बसलेल्या पोरासारखे दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले.

"बोला, बाई," ते म्हणाले. "आज कुठं?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. हा माणूस थट्टा करतोय की काय, याचा अंदाज घेतला. तो थट्टा करत नव्हता. मग त्यांनी चहाचा एक घोट घेतला, कप बाजूला सरकवला आणि बोटानं टेबलावर एक सीमा काढली.

"बोलिव्हिया," त्या म्हणाल्या. "शेजारी आहे. शेजाऱ्यांकडे आधी जाऊन यावं."